चॅम्पियनला हरवलं आणि सेव्ह उडाली: डुप्लिकेट एमरल्डची कॅसेट

निन्टेन्डोच्या गेम बॉय अॅडव्हान्स या हातात धरायच्या सेटवरचा पोकेमॉन एमरल्ड तीस-पस्तीस तास झकास चालतो. सुरुवातीला घेतलेल्या मडकिप या पोकेमॉनचा वाढत वाढत स्वॅम्पर्ट होतो, आठही बॅज मिळतात, एलीट फोर हे चार तगडे प्रतिस्पर्धी पार होतात, शेवटी चॅम्पियन वॉलेसही हरतो. विजेत्यांची नोंद ठेवणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये सहा पोकेमॉन ओळीने उभे राहतात, गेम आपोआप सेव्ह होतो, नावं वर सरकतात. सेट बंद करून पुन्हा लावला की मेनूत सगळ्यात वर 'न्यू गेम'. 'कंटिन्यू' गायब. ओरिजिनल म्हणून घेतलेली पोकेमॉन एमरल्डची कॅसेट डुप्लिकेट निघाली, हे बहुतेकांना इथे कळतं. तोवर परतीची सात-दहा दिवसांची मुदत कधीच संपलेली असते. विकणारा 'टेस्टेड, १०० टक्के वर्किंग' लिहितो तेव्हा तो खोटंही बोलत नसतो. त्याने पाच मिनिटं चालवून बघितलेली असते, आणि पाच मिनिटं ती चालतेच.

सुरुवातीला निन्टेन्डोचा लोगो आला म्हणून निर्धास्त होणारे बरेच आहेत. त्या लोगोला काडीची किंमत नाही. गेम बॉय अॅडव्हान्स चालू होताना कॅसेटमधला १५६ बाइटचा लोगो स्वतःजवळच्या लोगोशी ताडून बघतो आणि जुळला नाही तर पुढे जात नाही. डुप्लिकेटवाल्याने मूळ गेम जसाच्या तसा उचललेला असतो, त्यात हा लोगोही आलाच.

घोळ असतो तो सेव्हच्या जागेत. एमरल्डचा गेम १६ एमबीचा आणि सेव्हसाठी वेगळी १२८ केबीची फ्लॅश चिप, म्हणजे वीज नसतानाही लिहिलेलं टिकवणारी. तिचे ४ केबीचे ३२ कप्पे पाडलेले असतात. एका सेव्हला १४ कप्पे लागतात, आणि गेम अशा दोन प्रती ठेवतो: एकदा या प्रतीवर लिहायचं, पुढच्या वेळी त्या. मध्येच सेल संपला तरी आधीची प्रत शाबूत राहावी म्हणून. उरलेल्या चार कप्प्यांतले दोन हॉल ऑफ फेमसाठी. चॅम्पियनला हरवेपर्यंत या दोन कप्प्यांना कोणी हातच लावत नाही. डुप्लिकेट बोर्डावर मुळातली फ्लॅश चिप नसते. स्वस्तातली दुसरी मेमरी असते आणि तिच्यावर सेव्ह बसावी म्हणून गेममध्ये ठिगळ मारलेलं असतं. जागा कमी किंवा ठिगळ कच्चं असलं की या नव्या कप्प्यांत लिहिताना जुनं पुसलं जातं. कधी चॅम्पियनच्या आधीच 'सेव्ह फाइल खराब आहे, आधीची लोड केली जाईल' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. एकदा आला तर योगायोग म्हणा, दुसऱ्यांदा आला तर त्या कॅसेटवर आणखी वेळ घालवू नका.

आता बोर्ड. ओरिजिनल एमरल्ड उघडली तर तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसतात: गेमची मोठी चिप, सेव्हची फ्लॅश, आणि घड्याळाची छोटी चिप. घड्याळाच्या जोडीला त्याला ठोके देणारा ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल आणि पत्र्याच्या पट्ट्यांनी डाग देऊन बसवलेला सीआर१६१६ सेल. हा सेल फक्त घड्याळाचा. तो मेला की गेममध्ये लावलेली बेरीची झाडं वाढत नाहीत, शोल केव्ह या गुहेतली भरती-ओहोटी थांबते, पण सेव्हच्या केसालाही धक्का लागत नाही. डुप्लिकेट बोर्डावर यातलं काहीच जागच्या जागी नसतं. कुठे चिपवर काळ्या डांबरासारखा गोळा ओतलेला, कुठे एकच चिप आणि क्रिस्टलचा पत्ताच नाही. काहींत सेल असतो, पण तो सेव्ह टिकवण्यासाठी. तो उतरला की सगळं साफ.

म्हणून जाहिरातीतलं एक वाक्य नीट वाचा: 'नवीन सेव्ह बॅटरी टाकली आहे.' एमरल्ड किंवा तिच्या जोडीच्या रुबी, सफायर या पोकेमॉन गेमबद्दल कोणी असं लिहिलं तर एक तर त्याला कॅसेट कळत नाही, नाही तर बोर्ड डुप्लिकेट आहे. त्याच सेटवरच्या फायररेड आणि लीफग्रीनमध्ये तर सेलच नसतो, त्यांच्या आत सेल दिसला की विषय संपला. त्याआधीच्या गेम बॉयवरच्या गोल्ड, सिल्व्हर, क्रिस्टल या पोकेमॉन गेमचं मात्र उलटं आहे. त्यांची सेव्ह खरोखरच सीआर२०२५ सेलवर जगते, आणि २०००च्या आसपासच्या ओरिजिनल कॅसेटमधला सेल आजवर बदललेला नसेल तर तो बहुधा संपलेला असतो. तिथे 'सेल बदलला' ही चांगली गोष्ट.

सुरुवातीला 'आतला सेल संपला आहे, घड्याळावरच्या घटना होणार नाहीत' असा संदेश येतो, त्यावरून काहीच ठरवू नका. वीस वर्षांच्या ओरिजिनल कॅसेटवरही तो येतो आणि घड्याळच नसलेल्या डुप्लिकेटवरही. विकणारे याचाच फायदा घेतात: 'सेल तेवढा बदलून घ्या, बाकी ओरिजिनल.'

बाहेरून काय बघायचं? लेबल उजेडात तिरकं धरा. ओरिजिनल लेबलवर उजव्या बाजूला दोन आकडे, कधी त्यांच्यापुढे एक अक्षर, शाईशिवाय नुसतं दाबून उठवलेलं असतं. समोरून बघितलं तर दिसत नाही, चाळीस-पन्नास अंशांत कललं की सावली पडते. मग खालचा कोड. अमेरिकन एमरल्डवर एजीबी-बीपीईई-यूएसए हवा, फायररेडवर बीपीआरई, लीफग्रीनवर बीपीजीई, रुबीवर एएक्सव्हीई, सफायरवर एएक्सपीई. एमरल्डच्या लेबलवर दुसऱ्याच गेमचा कोड छापलेल्या कॅसेटा सर्रास फिरतात. रुबी, सफायर आणि एमरल्डचं प्लॅस्टिक पारदर्शक रंगाचं असतं, मागून मोबाइलचा टॉर्च लावला की आतल्या बोर्डाची कडा दिसते. आणि पिनांच्या फटीतून आत डोकावलं तर बोर्डावर पिनांच्या वर 'निन्टेन्डो' हे नाव दिसायला हवं. हल्ली बऱ्यापैकी डुप्लिकेटवाले हेही छापतात, त्यामुळे नाव नसेल तर डुप्लिकेट पक्की, पण असेल तर ओरिजिनल असंच नाही.

लेबल, प्लॅस्टिक, कोड, सगळं खरं आणि बोर्ड तेवढा खोटा, हाही प्रकार चालतो. मेलेल्या ओरिजिनल कॅसेटच्या डबीत डुप्लिकेट बोर्ड भरतात. त्यामुळे मोठी रक्कम मोजायची असेल तर उघड्या बोर्डाचा फोटो मागा, शेजारी कागदावर तुमचं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहून. मागचा स्क्रू तीन पाकळ्यांचा असतो, त्याचा स्क्रूड्रायव्हर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. 'उघडली तर किंमत कमी होते' हे कारण ऐकून घेऊ नका, स्क्रू काढून परत लावल्याने काहीही बिघडत नाही.

कॅसेट हातात आल्यावर त्याच संध्याकाळी करायच्या गोष्टी अशा. नवा गेम सुरू करून सेव्ह करा, बंद करा, लावा. लगेच पुन्हा सेव्ह, बंद, चालू. दोन्ही प्रतींवर लिहिलं जावं म्हणून दोनदा. सेव्ह करताना 'सेव्ह झालं' आल्यावरही एक-दोन सेकंद पडदा गोठत असेल तर संशय घ्या: सेल नसलेल्या डुप्लिकेट बोर्डावर सेव्ह मागाहून मुख्य चिपमध्ये उतरवली जाते, तो उशीर त्याचा. कॅसेट काढून रात्रभर बाजूला ठेवा आणि सकाळी बघा. कोणाकडे कॅसेट वाचायचं यंत्र असेल तर काम दोन मिनिटांचं. ओरिजिनल गेमची चिप फक्त वाचता येते. यंत्राला गेमच्या जागी फ्लॅश चिप सापडली, म्हणजे तिथे लिहिता येतं, म्हणजे डुप्लिकेट.

दुसरी चांगली कसोटी निन्टेन्डोच्या नंतरच्या डीएस किंवा डीएस लाइट या सेटची, कारण त्यांना गेम बॉयच्या कॅसेटची खाच आहे, डीएसआयला नाही. डायमंड, पर्ल, प्लॅटिनम, हार्टगोल्ड किंवा सोलसिल्व्हर यांपैकी डीएसचा एक पोकेमॉन गेम वर लावायचा, खालच्या खाचेत एमरल्ड. वरच्या गेममध्ये नॅशनल डेक्स (सगळ्या पोकेमॉनची यादी) मिळालेला असेल आणि दोन्ही गेम एकाच भाषेचे असतील तर सुरुवातीच्या मेनूत 'मायग्रेट फ्रॉम एमरल्ड', म्हणजे एमरल्डमधून पोकेमॉन आणायचा पर्याय, यायला हवा. बऱ्याच डुप्लिकेट कॅसेटा इथेच अडकतात. जुन्या कॅसेटसाठी इतके पैसे मोजणाऱ्यांना बहुधा हेच तर हवं असतं: गेम बॉय अॅडव्हान्सवर पकडलेला पोकेमॉन पाल पार्क या गेममधल्या जागेतून डीएसवर, तिथून पुढच्या पिढीच्या गेममध्ये, मग थ्रीडीएस या नंतरच्या सेटवरचं पोकेमॉन साठवायचं अॅप पोकेमॉन बँक आणि शेवटी तसंच नवं अॅप पोकेमॉन होम. २७ मार्च २०२३ला थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान बंद झालं, त्यामुळे बँक ज्यांनी आधी उतरवून ठेवली होती त्यांनाच ही वाट मोकळी. डुप्लिकेट कॅसेट या साखळीची पहिलीच कडी तोडते.

हार्टगोल्ड-सोलसिल्व्हरच्या डुप्लिकेट ओळखणं मात्र पोरखेळ आहे. पोकेवॉकर या सोबतच्या पावलं मोजणाऱ्या छोट्या यंत्रासाठी या कॅसेटमध्ये इन्फ्रारेड बसवलेलं असतं, म्हणून त्यांचं प्लॅस्टिक काळं दिसलं तरी झगझगीत उजेडासमोर धरलं की आरपार दिसतं. लेबलवरचा गेमचा कोड आयपीकेई किंवा आयपीजीई, पहिलं अक्षर 'आय'. साधी करडी अपारदर्शक कॅसेट कोणी हार्टगोल्ड म्हणून दिली तर तिथेच परत करा.

किंमत बघून निम्मं काम होतं. परदेशात सुटी ओरिजिनल एमरल्ड शंभर डॉलरच्या वर जाते. ती आपल्याकडे हजार-दीड हजारात घरपोच मिळत असेल तर ती डुप्लिकेटच, आणि 'रेप्रो' (म्हणजे नक्कल) असं उघड लिहून विकली असेल तर त्यात फसवणूकही नाही. चीड येते ती आठ-दहा हजारांना विकलेल्या डुप्लिकेटची. परदेशातून मागवताना कस्टम ड्युटी भरावी लागते, आणि माल परत पाठवायचा तर टपालखर्च आपल्याच माथी. विकणारे नेमकं हेच धरून चालतात.

पाकीट उघडतानाचा व्हिडिओ सलग काढा, पाकिटावरच्या पत्त्यापासून पिनांच्या फटीपर्यंत, मध्ये न थांबता. अनोळखी माणसाला यूपीआयने आधी पैसे पाठवू नका. पाठवलेच असतील आणि माणूस गायब झाला तर लगेच १९३० या क्रमांकावर किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. माल वेगळा निघाला आणि दुकान दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

तक्रार केली की विकणाऱ्याचं ठरलेलं उत्तर येतं: 'अर्धे पैसे परत घ्या, कॅसेट तुमच्याकडेच ठेवा.' हो म्हणायच्या आधी एवढं बघा की ते अर्धे पैसे स्वीकारले की बहुतेक ठिकाणी तक्रार मिटली अशी नोंद होते, आणि तीच कॅसेट दुसऱ्या फोटोंसह नव्या जाहिरातीत तशीच चालू राहते.