फूड ट्रेलर स्वतःच्या गाडीने ओढायचा, टेम्पो करायचा, की पिकअपच घ्यायची? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी एक तुलना

गाडीला ट्रेलर जोडण्यासाठी मागे बॉल, हूक आणि वायरिंग बसवून देणारा कारागीर वागळे इस्टेटमध्ये मिळतो, रबाळ्यात मिळतो. "गाडी ओढेल का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "ओढेल की!" ते खरंही आहे. दोन-सव्वादोन लिटरचं डिझेल इंजिन सातशे किलोचा ट्रेलर सहज ओढतं. पण गायमुखच्या उतारावर पुढचा कंटेनर अचानक थांबला, तर मागून रेटणारे ते सातशे किलो कोण थांबवणार? ट्रेलर घ्यायचा की नाही हे याच प्रश्नावर ठरवावं, असं माझं ठाम मत आहे.

हे लिहितोय ते मुख्यतः घरगुती खाद्यव्यवसाय रस्त्यावर आणू पाहणाऱ्यांसाठी. शनिवार-रविवारी एखाद्या प्रदर्शनात, सोसायटीच्या मेळाव्यात किंवा आयटी पार्कच्या बाहेर स्टॉल लावायचा आहे आणि दारात एसयूव्ही उभी आहे, अशी बरीच घरं आपल्याकडे आहेत. त्यांच्यापुढे तीन वाटा असतात. पहिली, एक एक्सलचा, म्हणजे दोन चाकांचा, फूड ट्रेलर घेऊन तो स्वतःच्या गाडीला जोडणं. दुसरी, फोल्डिंग टेबलं, शेगडी, फ्रीज आणि कॅनॉपी असा सुटा स्टॉल ठेवून दर वेळी टेम्पो करणं. तिसरी, जुनी-नवी पिकअप विकत घेणं.

आधी ब्रेक

माणसांसकट 1800 किलोची एसयूव्ही आणि तिच्यामागे ब्रेक नसलेला 700 किलोचा ट्रेलर धरा. ताशी 60 किलोमीटर वेगात, कोरड्या चांगल्या डांबरावर, एकटी एसयूव्ही ब्रेक लागल्यापासून साधारण 20 मीटरमध्ये थांबते. ट्रेलर जोडला की थांबवायचं वजन 2500 किलो होतं, पण ब्रेक असलेली चाकं तीच चार राहतात. अंतर 27 मीटरवर जातं. पावसात रस्ता निसरडा झाला की हेच आकडे 35 आणि 47 होतात. पुढचा धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर त्यातले 25 मीटर वेगळेच. हा सपाट रस्त्याचा कागदी हिशेब आहे. मुंब्रा बायपासच्या उतारावर तो आणखी बिघडतो.

त्याहून वाईट प्रकार वळणावर होतो. गाडी ब्रेक मारून मंद होते, ट्रेलरला मात्र पुढे जायचं असतं. तो गाडीचा मागचा भाग बाजूला ढकलतो आणि दोघं मध्ये दुमडतात. ओल्या रस्त्यावर याला फार वेगही लागत नाही.

युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला एकूण 750 किलोची कमाल मर्यादा आहे, आणि ओढणारी गाडी हलकी असेल तर त्याहून कमी. आपल्याकडचे खड्डे, अचानक आडवे येणारे दुचाकीस्वार आणि पाऊस धरला तर मी ती मर्यादा निम्म्यावर आणेन. छोटा उघडा ट्रेलर, त्यावर एखादी बाईक किंवा दोन कायाक (वल्ह्याच्या छोट्या होड्या), इतपत ब्रेकशिवाय चालेल. ओटा, फ्रीज, पाण्याची टाकी आणि पत्र्याचं छत असलेल्या फूड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच.

त्यातही दोन प्रकार आहेत. ओव्हररन ब्रेकमध्ये गाडी मंद झाली की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने जोडणीतला दांडा मागे सरकतो, केबल ताणली जाते आणि ट्रेलरच्या ड्रममधले लायनर दाबले जातात. गाडीत काहीच बसवावं लागत नाही, कोणतीही योग्य गाडी जोडता येते. मात्र लांब उतारावर ते सतत घासत राहतात आणि तापतात, म्हणून खालचा गिअर आणि कमी वेग हवाच. जुन्या धाटणीच्या ओव्हररनमध्ये रिव्हर्स घेतानाही ब्रेक लागतात. ऑटो-रिव्हर्स आहे का, हे आधी विचारा. इलेक्ट्रिक ब्रेकसाठी डॅशबोर्डजवळ कंट्रोलर लागतो. तो महाग पडतो, पण ट्रेलर डोलायला लागला तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावता येतात. गाडी एकच असेल आणि घाट नेहमीचा असेल तर इलेक्ट्रिक, नाहीतर ओव्हररन. दोन्हींत ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी ब्रेकअवे केबल असायला हवी. बनवणारा म्हणाला, "एवढ्याला ब्रेक लागत नाहीत," तर तिथे अ‍ॅडव्हान्स देऊ नका.

कोणती गाडी

बोलेरो, स्कॉर्पिओ-एन, थार, फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा या गाड्यांना खाली स्वतंत्र शिडीसारखी चासी असते. हुकाचा ओढा त्या जाड लोखंडावर येतो. क्रेटा, हॅरियर, एक्सयूव्ही 700, हायक्रॉस यांची बॉडी आणि चासी एकच असते. अशा गाड्या परदेशात ट्रेलर ओढतात, पण कंपनीने ठरवलेल्या जागी, कंपनीने ठरवलेल्या वजनापुरत्या. बंपरमागच्या पातळ पत्र्याला बोल्ट मारून लावलेला हूक ही वेगळी गोष्ट आहे. तिथे चिरा जातात आणि त्या बंपरच्या आत असल्याने दिसत नाहीत.

गाडीचं मॅन्युअल उघडा आणि टोइंगचं पान वाचा. भारतात विकल्या जाणाऱ्या काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नये असं सरळ लिहिलेलं असतं. तसं असेल तर पहिली वाट तिथेच बंद झाली. सोशल मीडियावर कोणी तीच गाडी वापरून ट्रेलर ओढताना दिसला म्हणून ती उघडत नाही.

वजन कुठे ठेवलं आहे

ट्रेलरचे अपघात वजन जास्त झाल्याने होतात, असं बहुतेकांना वाटतं. पुष्कळदा वजन बेताचंच असतं, पण ते एक्सलच्या मागे पडलेलं असतं. मग ट्रेलर डोलायला लागतो आणि ते डोलणं वेगाबरोबर वाढत जातं. ऐरोलीच्या पुलावर खाडीचा आडवा वारा किंवा शेजारून गेलेला उंच कंटेनर एवढं निमित्त पुरतं.

म्हणून जोडणीच्या टोकावर पुरेसा भार हवा. अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार धरतात, युरोपात त्याहून कमी. 700 किलोच्या ट्रेलरला मी 70 किलोच्या आसपास ठेवीन. अर्थात हुकाची आणि गाडीची मर्यादा तेवढी असेल तरच. हे मोजणं घरच्या घरी होतं. ट्रेलर सपाट जागी उभा करायचा, चाकांना ओंडके लावायचे आणि कपलरखाली, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या टोकाखाली, लाकडी ठोकळा उभा करून त्याखाली माणसांचा वजनकाटा ठेवायचा. ट्रेलर आडवा, म्हणजे गाडीला जोडल्यावर असतो त्याच उंचीवर हवा. एकूण वजनासाठी तुर्भ्याला एपीएमसीच्या आसपास किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रक तोलणारे काटे आहेत. स्टॉलला निघताना असतो तसा भरलेला ट्रेलर तिथे तोला. बनवणाऱ्याने सांगितलेलं वजन रिकाम्याचं असतं.

हे 70 किलो गाडीच्या मागच्या चाकांवर 70 म्हणून येत नाहीत. हूक मागच्या एक्सलच्या साधारण मीटरभर मागे असतो, त्यामुळे मागच्या चाकांवर जवळजवळ 100 किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून 25-30 किलो उचलले जातात. डिकीत पिठाची पोती आणि मागच्या सीटवर तीन माणसं असतील तर स्टिअरिंग हलकं लागतं आणि हेडलाइट वर बघायला लागतात. सामान वाटताना हे लक्षात हवं.

फूड ट्रेलरमध्ये मुख्य गडबड पाण्याच्या टाकीची होते. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, आणि अर्धी टाकी प्रत्येक ब्रेकला पुढे-मागे आदळते. टाकी रिकामी न्यावी, पाणी मुक्कामावर भरावं. फ्रीज आणि ओटा एक्सलच्या वर किंवा थोडा पुढे असावा. सिलिंडर व्यावसायिकच हवा, 19 किलोचा. तो उभा, पट्ट्याने बांधलेला आणि रेग्युलेटर काढून न्यायचा.

डोलणं सुरू झालंच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. जोरात ब्रेक मारणं आणि डोलण्याच्या उलट स्टिअरिंग फिरवत राहणं, या दोन्हींनी ते वाढतं. वेग वाढवून सरळ होईल, हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

जोडणी

बॉल 50 मिलिमीटरचा असतो किंवा अमेरिकन मापाचा दोन इंची, म्हणजे 50.8. फरक मिलिमीटरहून कमी आहे, तरी सरमिसळ करू नका. दोन इंची कपलर 50 च्या बॉलवर खडखडतो आणि हळूहळू झिजतो, आणि 50 चा कपलर दोन इंची बॉलवर पूर्ण बसत नाही. माप बॉलवर कोरलेलं असतं.

कपलर बसल्याचा आवाज आला म्हणजे तो लॉक झाला, असं नाही. जोडल्यावर ट्रेलरचं पुढचं छोटं चाक फिरवून कपलर वर उचलायला लागा. गाडीचा मागचा भाग बरोबर वर उचलला गेला तर पकड खरी. कपलर एकटाच वर आला तर तो नुसता बॉलवर टेकलेला होता. मग सुरक्षा साखळ्या जोडणीखालून एकमेकींना छेदून लावायच्या, म्हणजे कपलर सुटला तरी दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. थोडं अंतर गेल्यावर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा आणि हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हात न्या. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागला तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून ट्रेलर गेला असेल तर बेअरिंग उघडून ग्रीस बदलून घ्यावं. गरम हब थंड पाण्यात गेला की पाणी आत ओढलं जातं.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा, 1988 नुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे आणि त्याची नोंदणी लागते. बनवणारा विक्री प्रमाणपत्र आणि रस्तायोग्यतेचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 21 आणि 22, देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. त्याच कायद्याचं कलम 52 गाडीत मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करण्याविषयी आहे. हूक बसवण्याआधी आपल्या आरटीओत, म्हणजे ठाण्याला एमएच-04 किंवा नवी मुंबईत एमएच-43 च्या कार्यालयात, लेखी विचारून ठेवावं.

खरी अडचण विम्यात आहे. खासगी कारच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादांमध्ये भाड्याने वापर आणि, नमुने किंवा वैयक्तिक सामान सोडून, मालवाहतूक वगळलेली असते. विक्रीचं सामान भरलेला ट्रेलर ओढताना अपघात झाला तर कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवू शकते. ट्रेलरची पॉलिसीवर नोंद आणि व्यवसायासाठी ओढण्याची मान्यता कंपनीकडून लेखी मिळत नसेल, तर माझ्या मते फूड ट्रेलरचा विचार सोडून द्यावा. कायाक किंवा स्वतःची बाईक नेणाऱ्याला हा पेच तितका नाही, पण ट्रेलरची नोंद त्यालाही लागतेच.

टेम्पो आणि पिकअप

टेम्पोबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि तीच त्याची जमेची बाजू आहे. छोटा हत्ती साधारण पाऊण टन माल घेतो. सुटा स्टॉल त्यात आरामात मावतो. ब्रेक, विमा, फिटनेस, पार्किंग सगळं मालकाकडे. तोटा म्हणजे दोन्हीकडे चढ-उतार, मांडायला-आवरायला जाणारा वेळ आणि सणासुदीला, विशेषतः गणपतीत, ऐन वेळी टेम्पो न मिळणं.

स्टॉल आठवड्यातून तीन-चारदा लागत असेल तर पिकअपचा हिशेब करा. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की साध्या एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) लायसन्सवर 7500 किलोपर्यंतच्या एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवता येतं, त्यामुळे घरातला कार चालवणारा माणूस ती चालवू शकतो. एकूण वजन 3000 किलोच्या आत असेल तर परमिटही लागत नाही. फिटनेसच्या फेऱ्या आणि व्यावसायिक विम्याचा खर्च येतो, पण विमा खरोखर तुमच्या वापरासाठीच असतो. आणि सगळं वजन ब्रेक असलेल्या चार चाकांवर बसलेलं असतं. मागे किचन बांधायचं असेल तर बॉडीतला बदल आरटीओत मंजूर करून घ्यावा लागेल.

मग कोणी काय घ्यावं

महिन्यातून दोन-चार वेळा स्टॉल असेल तर टेम्पो. धंदा रोजचा असेल तर पिकअप. ट्रेलर मी त्यांनाच सुचवेन ज्यांच्याकडे शिडीच्या चासीची गाडी आहे, विम्याची लेखी मान्यता आहे, ब्रेकवाल्या ट्रेलरचं बजेट आहे आणि ज्यांना तो एका जागी नेऊन दिवस-दिवस उभा करायचा आहे. मधल्या काळात गाडी सोडवून मोकळी वापरता येते, हा ट्रेलरचा खरा फायदा बाकी दोघांत नाही.

ट्रेलर घ्यायचाच असेल तर अ‍ॅडव्हान्स देण्याआधी एक करा. बनवणाऱ्याकडचा रिकामा ट्रेलर एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या जागी जोडून मागा. रिव्हर्समध्ये हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवायचा. हात ज्या बाजूला नेला, ट्रेलरचं मागचं टोक त्या बाजूला जातं. ट्रेलर दुमडायला लागला तर सावरत बसू नका, पुढे जाऊन पुन्हा सरळ घ्या. मग टेप घेऊन आपल्या सोसायटीचं गेट, वळण आणि पोडियमचा रॅम्प मोजा: गाडी-ट्रेलरची एकत्र लांबी, छताची उंची, रॅम्प संपतो तिथे हूक जमिनीला घासतो का. सेक्रेटरींकडून ट्रेलरसाठी पार्किंगची जागा लेखी घ्या, कारण पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये तो महिनाभरही टिकत नाही.