रंग न लावता डीएनए: पोलरायझिंग मायक्रोस्कोपसोबत आठ महिने

सुरुवातीला कांद्याच्या मुळाच्या पेशी ठेवल्या. पोलरायझर (प्रकाशाची कंपनं एकाच दिशेत आणणारा, म्हणजे प्रकाश ध्रुवित करणारा फिल्टर) आणि नमुन्यापलीकडचा तसाच दुसरा फिल्टर, अ‍ॅनालायझर, काटकोनात आणताच पेशीभित्तिका लख्ख उजळल्या, केंद्रकं मात्र काळीच. आठवडाभर मी सेटिंगशी झगडत होते. मग उमगलं, या मायक्रोस्कोपला डीएनए नाही, त्याची एका दिशेने लागलेली रांग दिसते. साध्या केंद्रकात हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेले धागे चहूदिशांना वळलेले, त्यामुळे परिणाम एकमेकांत मिटून जातो.

खरी ओळख झाली ती सॅल्मन माशाच्या डीएनएच्या दाट द्रावणातून सुईने तार ओढली तेव्हा. प्रकाशमार्गात लाल प्लेट सरकवली; ही स्फटिकाची चकती रांगेची दिशा रंगातून दाखवते. तार प्लेटच्या मंद अक्षाला (ज्या दिशेत कंपणारा प्रकाश तिच्यातून हळू जातो) समांतर असताना पिवळी, स्टेज ९० अंश फिरवली की निळी. बेस, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या, साखळीला आडवे बसलेले असतात, म्हणून डीएनएचं द्विअपवर्तन (कंपनाच्या दिशेनुसार प्रकाशाचा वेग बदलणं) ऋण असतं, म्हणजे तारेच्या लांबीच्या दिशेत कंपणारा प्रकाश जास्त वेगाने जातो. पुस्तकातलं हे वाक्य त्या दिवशी डोळ्यांनी वाचलं. शिन्या इनोउए आणि हिदेमी सातो या जीवशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये अशाच ध्रुवित प्रकाशाने जिवंत शुक्राणूतली डीएनएची मांडणी अभ्यासली होती.

माझं काम प्रोरोसेंट्रम मायकन्स या डायनोफ्लॅजेलेटवर, म्हणजे समुद्रातल्या एकपेशीय सूक्ष्मजीवावर आहे. त्याची गुणसूत्रं कायम घट्ट असतात, आणि डीएनए द्रव-स्फटिकासारखा थरागणिक थोडा थोडा वळत जातो. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ ईव्ह बुलिगाँ आणि सहकाऱ्यांनी १९६८ साली ही रचना उलगडली. अडचण कवचाची. ते सेल्युलोजचं, स्वतःच इतकं चमकतं की आतलं काही कळत नाही. कव्हरस्लिप हलकेच दाबून कवच उघडायला हात बसेपर्यंत दोन महिने गेले.

असा मायक्रोस्कोप विकत घेणाऱ्यांना एकच आग्रहाने सांगेन: पैसे आधी ताणरहित ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगावर घाला. काचेत ताण असेल तर पार्श्वभूमी काळी होतच नाही, आणि गुणसूत्राचा मंद उजेड त्यात बुडतो. स्लाइडवरचा धूळकणही फसवतो. एखादा विशिष्ट जनुक कुठे आहे हे शोधायचं असेल, तर मात्र फ्लोरेसन्सच (चमकणारे रंग लावून पाहण्याची पद्धत) हवा.

पण ध्रुवित प्रकाशात रंगच नसल्याने तो उडून जाण्याची भीती नाही, त्यामुळे एकच केंद्रक तासन्‌तास पाहता येतं. गेल्या महिन्यात फोडलेल्या पेशींना कव्हरस्लिपच्या कडेने ईडीटीए हे धातूंचे आयन पकडून ठेवणारं रसायन दिलं. गुणसूत्रांतले मॅग्नेशियम-कॅल्शियम ओढले गेले आणि उजळ गुणसूत्रं माझ्या डोळ्यांदेखत विझत गेली. डीएनए तिथेच होता, रांग मोडली होती.