पाऊण टनी न्यूमॅटिक प्रेस: जोर पुरेसा, पण हवा फार खातो

मिरजोळे एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये हा हवेच्या दाबावर चालणारा प्रेस दिवाळीपासून चालतोय. काम एकच: १ मिमी पीपी (पॉलीप्रोपिलीन प्लास्टिक) शीटमधून ४० मिमीचे वॉशर, मध्ये १० मिमीचं भोक. सिलिंडर १२५ मिमी बोअरचा (आतला व्यास), हवेच्या ६ बार दाबाला साधारण ७५० किलो जोर.

हिशोबात खोट नव्हती. आतला-बाहेरचा परीघ मिळून १५७ मिमी, जाडी १, शिअर स्ट्रेंग्थ (कापताना माल करतो तो विरोध) चौरस मिमीला ३५ न्यूटन धरली तर लागतात ५६० किलो. तरी दिवस चढला की वॉशर अर्धवट कापून शीटलाच लोंबकळायचे. सर्व्हिसवाला म्हणाला, "भाऊ, मशीन लहान पडतंय, दीड टनी घ्या." दाबाच्या गेजकडे त्याने बघितलंसुद्धा नाही! सकाळी ६ दाखवणारा काटा काम सुरू झालं की ४.५ वर यायचा. तेवढ्या दाबाला हाच सिलिंडर जेमतेम ५६० देतो, त्यातून सीलचं घर्षण वजा.

दाब पडतो कारण स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १०० मिमी. आम्हाला लागतो २०! एका ठोक्याला वर-खाली मिळून जवळपास १७ लिटर मोकळी हवा जाते, मिनिटाला १५ ठोके म्हणजे अडीचशे लिटर. दोन एचपीचा कॉम्प्रेसर कुठून देणार? मोटर दिवसभर बंद होत नाही आणि बिल आम्ही भरायचं.

मग सर्व्हिसवाला म्हणे, धाव कमी करायला पिस्टनच्या रॉडला कॉलर, म्हणजे अडवणारं कडं, लावा. अहो, कॉलरने पिस्टन अडतो, पण त्याच्या डोक्यावरची पोकळी तशीच राहते. ती दर ठोक्याला भरायची आणि सोडून द्यायची.

शेवटी त्याच आयएसओ माउंटिंगचा (म्हणजे जुन्याच जागी बसणारा) २५ मिमी स्ट्रोकचा सिलिंडर पदरचे पैसे घालून बसवला, रॉडला ७५ मिमीचा जोड दिला. काटा ६ वरून हलत नाही, कॉम्प्रेसर मध्येमध्ये गप्प बसतो. आतला, भोक पाडणारा पंच दीड मिमी पुढे काढल्यावर दोन्ही काप एकदम येत नाहीत, ४५० किलोत भागतं. आता ५ बारवर चालवतो.

आता मत बदललंय, प्रेस दणकट आहे. फ्रेम हलत नाही, दोन हातांची बटणं चोख. पावसात मात्र कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडा, नाहीतर व्हॉल्व्ह चिकटतो. काढलेला सिलिंडर कंपनी परत घ्यायला तयार नाही, आणि त्यांच्या कोटेशनमध्ये स्ट्रोकचा आकडा अजूनही नसतो.