ड्युकाटी ९०० एसएस (१९९१–९७): घरच्या पान्यांनी किती जमतं?

जुन्या ड्युकाटीला हात लावायचा नाही, सर्व्हिसच्या बिलात नवीन गाडी येते, असा एक समज आहे. इटलीतल्या बोलोन्याच्या या कार्ब्युरेटरवाल्या ९०० एसएस मोटरसायकलबद्दल तो अर्धाच खरा आहे. ९०४ सीसी, एअर-कूल्ड, दोन सिलिंडर आणि प्रत्येकाला दोनच व्हॉल्व्ह. रेडिएटर नाही, इंजेक्शन नाही, पेट्रोलची टाकी बिजागरीवर वर उचलली की निम्मं काम डोळ्यांसमोर. बिल वाढतं ते मजुरीच्या तासांमुळे, आणि ते तास घरी फुकट असतात.

लोक घाबरतात ते डेस्मो टॅपेटला, म्हणजे ड्युकाटीच्या खास पद्धतीच्या व्हॉल्व्हची गॅप जुळवायला. इथे व्हॉल्व्ह बंद करायचं काम स्प्रिंगवर सोडलेलं नाही, त्यासाठी वेगळा रॉकर (व्हॉल्व्ह हलवणारा छोटा दांडा) आहे. म्हणून चार व्हॉल्व्हची आठ मापं. उघडणाऱ्या बाजूला गॅप साधारण ०.१० ते ०.१५ मिमी, बंद करणाऱ्या बाजूला ०.०५ च्या आत. उघडणारी बाजू फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सरळ मोजता येते. मग बंद करणारा रॉकर स्क्रूड्रायव्हरने खाली दाबून तीच फट पुन्हा मोजायची. एकूण मापातून पहिलं वजा केलं की दुसरं मिळतं. गाडी धावेल तसा व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातो, त्यामुळे उघडणारी गॅप कमी आणि बंद करणारी जास्त होते. पहिली दुरुस्ती, म्हणजे उघडणारी गॅप वाढवणं, स्वस्तातली आहे. शिम (गॅप ठरवणारी छोटी टोपी) काढायची, काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासायची आणि मायक्रोमीटरने मोजत राहायचं. दुसरीला मात्र जाड शिम विकतच आणावी लागते, घासून जाडी वाढत नाही.

बंद करणारी शिम व्हॉल्व्हच्या दांड्यावर दोन अर्ध्या रिंगांनी अडकलेली असते. या रिंगा तारेसारख्या बारीक असतात आणि मार खाऊन चपट्या होतात. गॅप पुन्हा पुन्हा सैल होण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. शिम उघडली की रिंगाही नव्या घाला, त्यात काटकसर नको. या रिंगांऐवजी बसणारी एमबीपी कंपनीची मशीन केलेली कॉलेट्स महाग आहेत, पण गॅप टिकवून धरतात. काम करताना त्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वर हवा, नाहीतर रिंगा निघताच व्हॉल्व्ह आत घसरतो. हेडमधल्या तेलाच्या भोकात आधी फडक्याचा बोळा कोंबा. रिंग आत गेली तर संध्याकाळ गेली.

व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारे टायमिंग बेल्ट दोन. दोन वर्षं किंवा २०,००० किमी, आधी येईल ते. गाडी नुसती उभी असली तरी वर्षं मोजायची, कारण पुलीवर वाकून बसलेलं रबर तिथेच कडक होतं. ताण बघायला ॲलन की पुरते: बेल्ट आणि रोलरच्या मध्ये ५ मिमीची घासत जावी, ६ ची जाऊ नये. प्लग काढून, सहाव्या गिअरमध्ये मागचं चाक हाताने फिरवत क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्या, टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळतात का पाहा आणि मगच स्टार्टरला हात लावा. दात चुकले तर व्हॉल्व्ह वाकू शकतो.

खरी डोकेदुखी इलेक्ट्रिकमध्ये आहे. अल्टरनेटरच्या दोन पिवळ्या वायरींचा कनेक्टर तापून वितळतो आणि पाठोपाठ रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) जातो. कनेक्टर कापून वायरी सोल्डर करा. ३,००० आरपीएमला बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. स्टार्टरची मूळ केबल बारीक आहे. जाड घातली की सकाळची कुंथणी थांबते. या गाडीवर कमी पैशात इतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

ड्राय क्लच खडखडतो, तो दोष नव्हे. मात्र प्लेटांच्या कानांनी बास्केटच्या (प्लेटा धरणाऱ्या डब्याच्या) खाचांत खड्डे पाडले असतील तर क्लच अडकत सुटतो, तेव्हा बास्केट आणि प्लेटा जोडीनेच बदलाव्यात. लिव्हर मऊ लागला तर आधी स्लेव्ह सिलिंडरचं (इंजिनाकडून क्लच ढकलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरचं) सील पाहा. मोठ्या पिस्टनचा स्लेव्ह बसवला तर मनगट वाचतं. उघडं क्लच कव्हर दिसतं झकास, पण इंग्लंड-जर्मनीच्या पावसात चालवणाऱ्यांनी त्या मोहात पडू नये.

बदलांमध्ये पहिला मान पुढच्या स्प्रॉकेटचा. १५ ऐवजी १४ दातांचं बसवलं की गिअरिंग सुमारे ७ टक्क्यांनी खाली येतं आणि गावातले झटके कमी होतात. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकावरून येते, त्यामुळे आकडा चुकत नाही. चेन मात्र स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) पट्टीवर जास्त घासते, ती तपासत राहा. एअरबॉक्सचं झाकण उघडून जेट बदलण्याआधी मिकुनी बीडीएसटी ३८ कार्ब्युरेटरमधले नीडल जेट (सुईभोवती पेट्रोल सोडणारी भोकं) बघा. भोक लांबट झालेलं असेल तर जेटचं कोणतंही किट बसवा, गाडी पेट्रोल पीतच राहणार.

विकत घेताना दोन जागा टॉर्चने पाहाव्यात: स्विंगआर्मचे वेल्डिंग, तडे आहेत का, आणि सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांमध्ये सिलिंडरचे स्टड (सिलिंडर आवळून धरणारे लांब बोल्ट), जे गंजून तुटतात. तुटलेला स्टड म्हणजे टॉप उतरवणं आलं, ती रक्कम किमतीतून वळती करून घ्या. बेल्ट कधी बदलले याचा कागद मालकाकडे नसेल तर गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत घाला.