७०-३०० व्हीआर लेन्स म्हणून घेतला आणि ४६,५०० ला बुडालो

आधीच सांगतो, क्यूआर कोड स्कॅन करून पैसे घालवणाऱ्यांतला मी नाही. "मी आर्मीत आहे, बदली झालीय, कॅमेरा पार्सलनं पाठवतो" हे नाटक तुम्हालाही माहीत आहे, मलाही होतं. असे दोघं-तिघं मी फोनवरच कटवले. म्हणून तर जुन्या निकॉन डी७२०० कॅमेऱ्याचा सेट समोरासमोर भेटून, हातात घेऊन, शटर दाबून बघून व्यवहार केला. तरी ४६,५०० रुपये गेले. ५,००० यूपीआयनं टोकन, ४१,५०० रोख. त्यातले ४०,००० भिशीचे. घरी आकडा ३०,००० सांगितलाय, तेव्हा ओळखीचं कुणी वाचत असेल तर कृपा करून गप्प राहा.

मी परभणी जिल्ह्यातला. हिवाळ्यात नाथसागरावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. आमच्याकडं कालव्याच्या कडेला तारांवर वेडे राघू आणि खंड्या बारा महिने बसलेले असतात. मोबाइलमध्ये त्यांचा नुसता ठिपका येतो. पक्ष्यांना ३०० एमएमचा लेन्स तरी लागतोच. निकॉनच्या डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तो दीडपट, म्हणजे ४५० सारखा चालतो. नवीन बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि टेली (लांबचं जवळ दाखवणारा लेन्स) दोन्ही घेण्याची ऐपत नव्हती. डी३५००, डी५६०० सेकंडहँड स्वस्तात मिळत होते, पण त्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुना एएफ (ऑटोफोकस) लेन्स लावला की हातानं फोकस करत बसा. डी७२०० मध्ये ती मोटर आहे, दोन कार्डं बसतात, २४ मेगापिक्सेल आहे. मॉडेल २०१५ चं असलं तरी हौशी माणसाला भरपूर झालं. पुढं कधी जुने लेन्स स्वस्तात घेता येतील हा माझा हिशोब. याच मोटरनं माझा घात केला.

जाहिरातीत डी७२००, १८-१४० आणि ७०-३०० व्हीआर (हात हलला तरी फोटो हलू न देणारा) हे दोन लेन्स, असा सेट होता. शटर काउंट, म्हणजे आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा, १२ हजार. विकणारा म्हणे पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होता, आता मिररलेस (आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा) घेतला, हा "फक्त ट्रिपला" वापरलेला. यात संशय घेण्यासारखं काय होतं? सगळे मिररलेसकडं चाललेत, डीएसएलआर, म्हणजे आरशाचे जुने कॅमेरे, बाजारात ढिगानं पडलेत. फक्त त्या ढिगात लग्नाच्या स्टुडिओत वर्षानुवर्षं घासून निघालेल्या बॉड्याही असतात आणि त्या सगळ्या "ट्रिपला वापरलेल्या" म्हणूनच विकल्या जातात.

काउंट मी नुसता तोंडी ऐकून घेतला नाही. निकॉनच्या मूळ फाइलमध्ये काउंट नोंदलेला असतो. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर ती माहिती गळून पडते, म्हणून मीच त्याला डॉक्युमेंट करून पाठवायला लावलं. त्यानं मकबऱ्याचा एक फोटो मुकाट पाठवला. काउंट १२ हजार आणि काही. मी खूश. त्याच फाइलमध्ये बॉडीचा सिरियल नंबरही असतो आणि तो कॅमेऱ्याच्या तळाशी छापलेल्या नंबराशी जुळवायचा असतो, हे मला कुणी सांगितलं होतं? एकानंही नाही. सगळे एवढंच सांगतात, काउंट बघा, काउंट बघा. ती फाइल दुसऱ्याच डी७२०० ची होती. तुम्ही मात्र त्यानं पाठवलेल्या फाइलवर विसंबू नका. आपलं कार्ड घेऊन जा, त्याच्या हातातल्या कॅमेऱ्यात घाला, फोटो काढा, तिथल्या तिथं काउंट बघा.

भेट संभाजीनगरला, बसस्टँडजवळच्या एका रसवंतीवर. दुपारची ठरली होती, त्यानं मीटिंगचं कारण सांगत दिवेलागणीपर्यंत लांबवली. मला परतीची गाडी होती आणि हे त्याला माहीत होतं, कारण मीच बोललो होतो. आपली गाडी किती वाजता आहे हे विकणाऱ्याला कधीही सांगू नका.

बॉडी चकचकीत. पकडीचं रबर नवंकोरं, थोडा बॉन्डचा वास येत होता. म्हणलं, नीट ठेवलाय. वर फ्लॅशच्या खाचेत काळं प्लास्टिकचं झाकण. म्हणलं, माणूस टापटीप दिसतो. ते झाकण मी घरी येऊन काढलं तेव्हा खालच्या पट्ट्यांचा रंग उडून पांढरं लोखंड दिसत होतं. फ्लॅश हजारो वेळा आत-बाहेर सरकल्याशिवाय ते तसं होत नाही. ट्रिपला जाणारा माणूस कशाला एवढा फ्लॅश लावेल? ते झाकण नखानं निघतं. पाच सेकंदांचं काम.

मग त्यानं ७०-३०० लावून दिला. हातात घेतल्याबरोबर हलका लागला आणि मला, देवा, आनंद झाला! म्हणलं, दिवसभर गळ्यात राहील. जाहिरातीतला व्हीआरवाला लेन्स ७४५ ग्रॅमचा असतो. हा त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. मी समोरच्या पाटीवर रोखून बटण अर्धं दाबलं. घर्रर्र. लेन्सचं तोंड गरगर फिरलं, फोकस झाला. मी विचारलंसुद्धा! "आवाज जरा जास्त नाही का?" तो हसून म्हणाला, "टेली आहे ना सर, मोटर पॉवरफुल असते."

ही जागा. रात्री झोप उडते ती या वाक्याला.

जाहिरातीतल्या ७०-३०० व्हीआरच्या आत त्याची स्वतःची मोटर असते, ती जवळजवळ मुकी चालते. त्याचं तोंड फिरत नाही. बाजूला तीन खटके असतात, व्हीआर अशी अक्षरं असतात. माझ्या हातात होता तो जुना ७०-३०० जी. व्हीआर नाही, खटके नाहीत, आत मोटरच नाही. घर्रर्र करत होती ती कॅमेऱ्याची मोटर, जिच्यासाठी मी हौसेनं डी७२०० निवडला. साधा डी५६०० असता तर हा लेन्स फोकसच झाला नसता आणि चोर रसवंतीवरच उघडा पडला असता. बॉडीतल्या मोटरबद्दल मी पानंच्या पानं वाचली होती, पण तिचा आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. ऐकायचा कुठं? आमच्या तालुक्याला कॅमेऱ्याचं दुकान म्हणजे पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन. आणि ७०-३०० हा आकडा तर दोन्ही लेन्सवर सारखाच छापलेला.

घरी आल्यावर कालव्यावर गेलो. सगळे वेडे राघू हललेले. आठवडाभर माझाच हात थरथरतो असं समजत होतो, चहा कमी केला. शेवटी नांदेडच्या एका दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं आवाज ऐकला आणि हातात घ्यायच्या आधीच म्हणाला, "हा व्हीआर नाही." मग काउंट काढला: १,६८,४१२. निकॉननं या मॉडेलचं शटर तपासलंय दीड लाखापर्यंत. लगेच बंद पडेल असं नाही, पण नवं टाकायचे ९,८०० सांगितले. जी लेन्सला पाच हजारांच्या वर कुणी देणार नाही म्हणाला. १८-१४० तेवढा खरा निघाला.

आता पुढची गंमत ऐका. आमच्या ठाण्यात गेलो. "कॅमेरा मिळाला ना? चालू आहे ना? मग फसवणूक कसली?" मी जाहिरातीचा स्क्रीनशॉट दाखवला, त्यात व्हीआर स्पष्ट दिसतो. "फोटोत काय, काहीबी दाखवतात." मी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ पाठ करून गेलो होतो. जुनं ४२० जाऊन १ जुलै २०२४ पासून हे आलंय. साहेब म्हणाले, "तुम्ही वकील का?" मग हद्द निघाली. व्यवहार तिकडं झाला, तिकडं जा. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी तक्रार घ्यायची असं नव्या कायद्यातच, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. लिहिलेलं राहू द्या. तिकडं गेलो तर, "टोकनचे पैसे परभणीतून पाठवले ना? मग तिकडंच." रोख दिलेल्या ४१,५०० बद्दल विचारलं तर, "पावती?" सेकंडहँड कॅमेऱ्याची पावती यांच्यापैकी कुणी घेतलीय का कधी? एका हवालदारानं कॅमेरा उलटसुलट बघितला आणि विचारलं, लग्नाच्या ऑर्डर घेता का, पुतणीचं मे महिन्यात आहे. मी काय बोलणार! शेवटी साध्या अर्जावर पोच मिळाली. त्या अर्जाचं काय झालं विचारलं की "चौकशी चालू आहे". कुणाची चालू आहे? त्याचा नंबर मी दिला, यूपीआयवरचं नाव दिलं, चॅट छापून दिलं. त्या नंबरावर यांनी एक फोन लावला असता तरी मला पुरे होतं.

बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. जाहिरात ज्या ॲपवर होती ते म्हणतात आम्ही मध्यस्थ, आणि ते खातंही आता गायब. वकिलाच्या नोटिशीला २,००० गेले, ती "पत्ता अपुरा" शेरा घेऊन परत आली. ग्राहक आयोगाबद्दल वकील म्हणाला, दुकानदार असता तर केस होती, ५ लाखांच्या आतल्या तक्रारीला फीसुद्धा नाही. पण घरातली वस्तू विकणारा खासगी माणूस त्यात बसवणं अवघड. म्हणून दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील, बिल देणाऱ्या दुकानातूनच जुना माल घ्या. आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर विचार करत बसू नका, त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रोखीला तो रस्ताच नाही. "रोख द्या, हजार कमी करतो" असं समोरचा म्हणाला तेव्हा मला वाटलं होतं मीच घासाघीस जिंकलो.

लेन्सच्या मागून मोबाइलची टॉर्च मारून बुरशी मी बघितली होती, ती नव्हती. म्हणजे काहीच बघितलं नाही असं कुणी म्हणू नये. कॅननवाल्यांनी आणखी सांभाळा, त्यांच्या बहुतेक बॉड्यांच्या फाइलमध्ये काउंट सापडत नाही, केबल लावून वेगळं सॉफ्टवेअर चालवावं लागतं.

परवा दुसऱ्या नावानं जालन्याची एक जाहिरात दिसली. डी७२००, १८-१४०, ७०-३०० व्हीआर, काउंट १२ हजार, किंमत ४४,०००. मी नमुना फाइल मागितली. तोच मकबरा आला. जाहिरात, चॅट, फाइल, सगळं घेऊन ठाण्यात गेलो, तर म्हणाले, तुमचा अर्ज आधीच आहे, नवा कशाला. जालना, परभणी, संभाजीनगर, बीडकडं कुणी डी७२०० बघत असेल तर फाइलमधला सिरियल तळाच्या नंबराशी जुळवा, लेन्सवर व्हीआर लिहिलंय का बघा, आणि घर्रर्र ऐकू आलं तर पैसे खिशातच ठेवा. त्याचे दोन्ही नंबर माझ्याकडं आहेत. कुणी आधीच बुडाला असेल तर सांगा, दोन-तीन अर्ज एकदम गेले तर कदाचित ठाण्यात कुणीतरी मान वर करून बघेल.