व्याख्यान की केळ्याचा डीएनए?
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळांत सिंथेटिक बायोलॉजी (सजीवांची जनुकं बदलून त्यांच्याकडून हवं ते काम करून घ्यायचं शास्त्र) न्यायची तर व्याख्यान ठेवावं की प्रयोग? व्याख्यानाला पालकही येतात. जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन १९८२ साली अमेरिकेत मंजूर झालं म्हटलं, की आजीची सुई रोज बघणारी पोरं कान टवकारतात. पण स्लाइड बहुधा इंग्रजीत, तिथंच निम्मा वर्ग सुटतो.

माझं मत प्रयोगाला. पिकलं केळं कुस्करायचं (कच्चं नको, हात दुखतात), मीठ नि भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी घालून गाळायचं, वरून थंडगार स्पिरिट अलगद सोडायचं. पांढरे तंतू वर येतात: डीएनए! मग पोरंच विचारतात, ‘सर, हे बदलता येतंय काय?’ जनुक बदललेल्या बीटी कापसाचा वाद तिथूनच रंगतो. व्याख्यानात तो शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात.