फॉरमॅट न मारणारं दुकान, खानापूर (बेळगाव)

दुकानाचं नाव विचारू नका. कर्नाटकात पाटीवर साठ टक्के कन्नड हवं असा नियम २०२४ मध्ये आला, तेव्हा जुनी पाटी उतरवली ती उतरवलीच. नवी अजून पेंटरकडे आहे म्हणे. सध्या शटरशेजारी एक लॅमिनेट केलेला कागद आहे, वर कन्नडात आणि खाली मराठीत: झेरॉक्स, डीटीपी, ऑनलाईन अर्ज. स्टेशनच्या बाजूला, चहाच्या टपरीला लागून. आत दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि त्यातल्या एकीचा पाय बांधलेला. ती सोडून बसा.

मी तिथे गेले ते शाळेच्या स्मरणिकेपायी. आमच्या गावच्या मराठी शाळेला २०२८ मध्ये शंभर वर्षं होतील. २००३ मध्ये पंचाहत्तरी झाली होती, तेव्हा एक स्मरणिका काढली होती. तिच्यातले जुन्या गुरुजींचे लेख नव्या अंकात घ्यायचे ठरलं. छापील प्रती वाळवीने खाल्ल्या, पण वर्डची फाईल एका सीडीवर होती. मुलाने ती पेनड्राइव्हवर घेऊन दिली. लॅपटॉपवर उघडली तर एकही अक्षर मराठी नाही. इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, मधूनच डॉलरची खूण. चाळीस पानं अशीच.

आधी बेळगावात एका मोठ्या दुकानात दाखवलं. तिथल्या पोराने फाईल उघडून दोन सेकंद बघितली आणि म्हणाला, "व्हायरस आहे, फॉरमॅट मारावं लागणार, आठशे रुपये." म्हणजे लॅपटॉपमधलं सगळं पुसून नव्याने भरायचं. मी विचारलं, फॉरमॅट मारल्यावर फाईल वाचता येईल का? तर म्हणे, "ते बघून सांगतो." मी लॅपटॉप उचलला आणि कुंद्याचा पुडा घेऊन घरी आले.

खानापूरच्या या मुलाने (वय पस्तिशीचं असेल, माझ्यासाठी मुलगाच) आधी एकच प्रश्न विचारला. "वर्डचीच फाईल नव्हं बाई? पेजमेकरची असती तर मी हात लावलो नसतो." (पेजमेकर म्हणजे छपाईची पानं लावायचा जुना प्रोग्रॅम.) मग त्या गिचमिडीतल्या एका शब्दावर क्लिक केलं आणि मला वरच्या पट्टीतली फॉन्टच्या नावाची चौकट दाखवली. तिथे २००३ मधल्या फॉन्टचं नाव जसंच्या तसं होतं! म्हणजे फाईलला आपला फॉन्ट ठाऊक होता, माझ्या लॅपटॉपमध्ये तो नव्हता, एवढंच. "फाईल बिघडल्याली न्हाई ओ. चष्मा घरात ऱ्हायलाय."

मग त्याने जे समजावलं ते लिहून ठेवते, कारण असं पेनड्राइव्ह घेऊन फिरणारी मी एकटी नसणार. त्या काळी श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव असे फॉन्ट चालायचे. फाईलमध्ये मुळात इंग्रजीच अक्षरं साठवलेली असायची, फॉन्ट त्यांना मराठी अक्षराचं चित्र चढवायचा. फॉन्ट गेला की चित्र गेलं, खालचं इंग्रजी उघडं पडलं. आता युनिकोड म्हणून सगळीकडे एकच पद्धत आहे, तिच्यात 'क'ला स्वतःचा क्रमांक असतो, तो कुठल्याही फॉन्टात 'क'च राहतो. म्हणून मोबाईलवर आलेलं मराठी कुणालाही वाचता येतं.

नुसतं वाचायचं असेल तर तो जुना फॉन्ट टाकला की काम झालं. ते त्याने पाच मिनिटांत केलं, आणि पडद्यावर आमच्या हेडगुरुजींचं मनोगत उभं राहिलं. दुकानात डोळे पुसायला लागले मी. त्याने काही न बोलता पंखा माझ्याकडे वळवला.

पण आम्हाला मजकूर नव्याने वापरायचा होता, म्हणजे युनिकोडमध्ये बदलायला हवा. त्याने पूर्ण फाईल कन्व्हर्टरला घातली आणि तिथे गंमत झाली. स्मरणिकेच्या तिसऱ्या पानावर तेव्हाच्या शिक्षणाधिकाऱ्यांचा कन्नड शुभसंदेश होता, नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला. नुडीच्या जुन्या फॉन्टांचीही तीच तऱ्हा, खाली इंग्रजी आणि वर कन्नडचं चित्र. मराठीच्या कन्व्हर्टरला यातलं काय कळणार? त्याने साहेबांचा अख्खा संदेश देवनागरीत आणला. 'घ्झुटॅ' असे शब्द, एकापाठोपाठ एक, खाली सही. मुलगा खो खो हसला. "बघा की ओ, साहेब मराठी बोलायलेत!" मग वर्डमध्ये फॉन्टच्या नावावरून शोध घेऊन नुडीचा मजकूर वेगळा काढला आणि त्याला नुडीचा कन्व्हर्टर लावला. दोन भाषांच्या गावातलं दुकान असल्याचा हा फायदा. बेळगावच्या त्या पोराला यातलं काही सुचलं असतं असं वाटत नाही.

आता तक्रार. कन्व्हर्ट झालेला मजकूर त्याने न वाचता माझ्या हातात दिला. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. कन्व्हर्टर चुकला की 'वर्ग'चं 'वगर्' होतं, 'कार्यक्रम'चं 'कायर्क्रम', आणि 'शिक्षक'ची वेलांटी शब्दाच्या तोंडाशी एका ठिपक्यांच्या गोळ्यावर लोंबकळत राहते. चाळीस पानांत असे शेकडो. मी बत्तीस वर्षं वह्या तपासल्या, तरी या चुका बघून हात टेकले. परत गेले तर म्हणतो, "मी कन्व्हर्ट करून देतो म्हटलो होतो, शुद्धलेखन तुमचंच की." उलट उत्तर देता येईना. पण मग त्यानेच 'वगर्'च्या जागी 'वर्ग' असं एकदम सगळीकडे बदलायची युक्ती दाखवली. दहा-बारा शब्द तसे केल्यावर निम्मं काम हलकं झालं. उरलेलं मी लाल पेनाने केलं. बरं वाटलं.

दुसऱ्या खेपेला माजी विद्यार्थ्यांची यादी होती. गूगल फॉर्मवर नावं मागवली, चारशेच्या वर आली. सीएसव्ही फाईल (नुसत्या मजकुराची, स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली यादी) उतरवून एक्सेलमध्ये उघडली तर पुन्हा कचरा. मी म्हटलं, पुन्हा फॉन्ट गेला. त्याने लांबूनच मान हलवली. "हा कचरा वेगळ्या जातीचा." मग बोटाने दाखवलं: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए', त्याच्यापुढे बहुतेकदा चार शिंगं फुटलेला गोळा, मग एखादी खूण, की परत तोच 'ए'. मराठीचं एकेक अक्षर, काना, वेलांटी यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) तीन-तीन बाइटचं असतं. एक्सेलने ते तीन तुकडे तीन वेगळी अक्षरं समजून मांडले होते. म्हणून 'पाटील' एवढंसं नाव तिप्पट लांब झालं होतं. फॉन्टच्या कचऱ्यात शब्दाची लांबी साधारण तेवढीच राहते आणि तो 'ए' सारखा सारखा येत नाही. हे एकदा कळलं की कुठला रोग आहे ते आपणही लांबून सांगू शकतो.

उपाय सोपा: फाईलवर डबल क्लिक करायचं नाही. रिकामं एक्सेल उघडायचं, डेटा टॅबमधून टेक्स्ट किंवा सीएसव्हीची फाईल आत घ्यायची, आणि विचारेल तिथे ६५००१, युनिकोड यूटीएफ-८ निवडायचं. चारशे नावं एका क्षणात मराठी. तिथेच त्याने देणगीदारांच्या बँक खात्याचा रकाना टेक्स्ट करून घेतला. तसं केलं नाही तर खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात, आणि पंधरापेक्षा जास्त अंक असले तर शेवटचे अंक शून्य होऊन बसतात. हे मी विचारलंही नव्हतं. याचे पैसे घेतले नाहीत.

ब्राउझरची कामं तो उभ्या उभ्या करतो. माझ्या मोबाईलवर दर तासाला 'फोनमध्ये १३ व्हायरस' असा निरोप यायचा. तो व्हायरस नव्हता, कुठल्याशा साइटला मीच 'अलाऊ' म्हणून बसले होते. क्रोमच्या साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी काढली, बंद. शेजारणीची पावती छापायचं बटण दाबलं तरी काही होत नव्हतं. पॉप-अप अडवल्याची खूण पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे गुपचूप बसली होती. तिथे परवानगी दिली की पावती आली.

दर सांगते. फॉन्ट टाकून देणं पन्नास, कन्व्हर्जन पानाला दहा, एक्सेलचं शंभर. ब्राउझरच्या कामाला चहा पाजलात तरी चालतं. पावती देत नाही, मागितली तर झेरॉक्सच्या मागच्या बाजूला लिहून देतो. 'दहा मिनिटं थांबा' म्हणाला तर पाऊण तास धरा, कारण मध्येच कुणीतरी उतारा काढायला येतो आणि त्याला बसची घाई असते. पावसाळ्यात लाईट गेली की यूपीएस चार मिनिटं ओरडतो आणि सगळं बंद. एकदा तसंच झालं, तेव्हा "मग मी उद्या येतो," म्हणून निघाले. आमच्याकडे बायकाही 'येतो'च म्हणतात, वर्गात मात्र मी मुलींकडून 'येते' गिरवून घ्यायची.

समजावतो छान, पण हात फार भरभर चालवतो. "हळू कर रे, मला लिहून घ्यायचंय," असं दोनदा सांगितलं तर तिसऱ्यांदा आपोआप हळू करतो. पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो न वाचता दिलेल्या चाळीस पानांचा.

जाताना मूळ फाईलची एक प्रत घरी ठेवूनच जा. त्याच्या ड्रॉवरमध्ये लोकांचे पेनड्राइव्ह मूठभर पडलेत, कुणाचा कुठला हे त्यालाही ठाऊक नाही. माझा निळा, झाकण नसलेला, त्यातच कुठेतरी आहे.